अण्णांची खोकी

आमचं घर मधलं. डाव्या हाताला काकी, उजव्या हाताला अण्णा आणि माई, आणि दोन्हीकडे चिऱ्यांचा गडगा. काकींच्या बाजूचा गडगा एका जागी ढासळून कमरेएवढाच उरलाय. चौदा-पंधरा पावसाळे झाले, पण तो बांधायला कोणी घेत नाही. विरजण, कोकमं, तापकऱ्यासाठी पेज आणि सावंतवाडीतल्या ताज्या बातम्या यांची ने-आण तिथूनच होते. तो बांधला तर आम्ही दोघी बोलायचं कुठून?

यंदा आषाढातली बातमी काकींचीच.

“गो, ह्या अण्णाक झालांहा काय? आज परत खोको इलो.”

मी दोडक्याचा वेल मांडवावर चढवत होते. खोटं कशाला बोलू, मीही मोजतच होते. दोन आठवड्यांत सहा खोकी. कुरिअरचा पोरगा आधी आम्हाला पत्ता विचारायचा, आता हॉर्न वाजवून थेट त्यांच्या खळ्यात शिरतो. अण्णा म्हणजे बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. कोथिंबिरीची जुडी चारदा उलटीसुलटी केल्याशिवाय पिशवीत टाकत नाहीत. असा माणूस खोकी मागवतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

काकींचा पहिला संशय शेअरबाजारावर. मी म्हटलं, शेअरांची खोकी येत नाहीत हो. मग त्या केसांच्या तेलावर आल्या. मी म्हटलं, अण्णांना केस उरलेत कुठे? काकी म्हणाल्या, “म्हणानच तर!”

त्यात रात्रीचा आवाज सुरू झाला. अकरा-साडेअकराला, गाव निजलं की अण्णांच्या पडवीतून आधी कर्रर्र, मग कडाड, मग काही वेळ शांत, की पुन्हा कर्रर्र. काकींना रात्री झोप कमी, त्यामुळे त्यांच्याकडे आवाजांची मोजदाद होती. एका रात्रीत एकोणीस कडाड.

तिसरा धागा माईंकडून आला, तोही उजवीकडच्या गडग्यावरून. “अगं, माझं कातणं बघितलंस कुठे? तुझ्याकडे तर नाही ना आलेलं?” आषाढात करंज्यांचं कातणं कोण नेणार? चार दिवसांनी लाटणं गेलं. मग वजनकाटा. मग लेकीने दिलेला केस वाळवायचा ड्रायर. मी हे सगळं डावीकडच्या गडग्यावर पोचवलं, आणि काकींनी निकाल देऊन टाकला: “तो बेकरी घालता.”

निकाल चुकीचा होता, पण पुराव्याशी जुळत होता हे मानावं लागेल.

मी गेले होते माईंचा डबा परत द्यायला. पडवीत जेवणाच्या टेबलावर अण्णा, डोळ्यांवर दोन चष्मे, एक खरोखरचा आणि एक भिंगाचा. डाव्या तर्जनीला चिकटपट्टी. टेबलावरच्या मेणकापडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ चीर, इतकी सरळ की कौतुकच वाटावं. आणि सगळीकडे कागद. मला बघून ते दचकले, मग हळूच म्हणाले, “बस. पण माईला बोलू नकोस.” माई पाच पावलांवर स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्या मोजत होत्या.

झालं होतं असं. उन्हाळ्यात अण्णांच्या पुतण्याच्या मुलाचं लग्न झालं, त्याचं आमंत्रण फोनवर आलं. हलणारं चित्र, मागे सनई, शेवटी गणपतीच्या डोक्यावर पाकळ्या. अण्णा बिथरले. आमंत्रण हातात यायला पाहिजे, खुंटीवर अडकवता यायला पाहिजे, त्यावर हळदीकुंकवाचं बोट उठायला पाहिजे. मार्गशीर्षात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. तेव्हा साठ आमंत्रणं स्वतःच्या हातांनी करायची, आणि माईंना पत्ता लागू द्यायचा नाही, असा बेत.

मी दहा मिनिटांत काकींकडे. माईला सांगू नकोस असं ते म्हणाले होते, काकींचं नाव निघालं नव्हतं.

*

आता अण्णांनी काय काय मागवलं होतं ते ऐका. कापायची हिरवी चटई, चौकटी आखलेली. दोन तऱ्हेचे कटर. घडी घालायची हाडाची पट्टी, बुकबाइंडर वापरतात तशी. काठाला नक्षी पाडणारे पंच. रबरी शिक्के, त्यांची सात रंगांची पॅडं. सोनेरी पूड. आणि एक लोखंडी यंत्र, हाताने फिरवायचं, दोन रुळांचं. दिसायला उसाच्या रसाचा चरक आणि शेवयांचं यंत्र यांचं पोर म्हणा. रात्रीचा कडाड त्याचा. फुलाचा धारदार साचा कागदावर ठेवायचा, वर-खाली प्लास्टिकच्या पाट्या, आणि चळत रुळांतून फिरवायची. साचा कागदात उतरतो तेव्हा पाट्या अशा कडाडतात की माणसाला वाटावं गेले पैसे. अण्णा पहिल्या रात्री यंत्र सोडून अंगणात आले होते म्हणे. तसा आवाज येणारच असतो. उलट आवाज आला नाही तर समजायचं, दाब कमी पडला, साच्याखाली एक-दोन साधे कागद सारायला हवेत.

पण यंत्र येऊन, साचे येऊन, पंच येऊनही पहिल्या पंधरवड्यात एकही आमंत्रण धड झालं नव्हतं. मेणकापडाची चीर मात्र उत्तम झाली होती.

कटर कसा धरायचा ते अण्णांना बोटाने शिकवलं. जाड कागद एका फटक्यात कापायचा म्हणून जोर केला की पातं पट्टीवर चढतं आणि तर्जनीवर येतं. प्लास्टिकची पट्टी असेल तर ती स्वतःच सोलत जाते आणि दर खेपेला रेघ थोडी आत सरकते, म्हणून स्टीलची हवी. हात हलका ठेवून तीन-चार वेळा त्याच रेघेवरून जायचं, कागद आपण होऊन सुटा होतो. आणि पात्याचं टोक बोथटलं की खाचेवर मोडून टाकायचं. अण्णांचा जीव इथे अडायचा. अजून कापतंय की, कशाला मोडायचं? बोथट पातं कापत नाही, ओढतं, आणि ओढलेल्या कागदाला काठावर लव येते. हे मला कसं ठाऊक? मी शिवणवाली. कातर कागदाला लावली की कापडाला निकामी होते हे मला आईने उलथन्याच्या धाकाने शिकवलंय. कागदाची कातर वेगळी ठेवायची, एवढा एक सल्ला माझा. मोडलेली टोकं अण्णा गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकतात, झाकण घट्ट लावून. कचऱ्यात टाकली तर कचरेवाल्या बाईचा हात जाईल, हे त्यांचं त्यांनाच सुचलं.

मग घडी. त्यांनी आणलेला कार्डशीट चांगला जाड होता, तीनशे ग्रॅमचा. घडी घातली की पाठीवर तडे, भाकरीला जातात तसे. कधी जात, कधी नाही, एकाच गठ्ठ्यातले कागद असून. अण्णा चिडून दुकानदाराला नावं ठेवत होते. मी ही हकीकत गडग्यावर सांगितली, तर काकी सुपारी कातरता कातरता म्हणाल्या:

“कागद काय आणि केळीचां पान काय, शिर बघून फाडूचां असता.”

काकी चौथी शिकलेल्या, आणि हा कागदाच्या कामातला सगळ्यात मोठा धडा. कारखान्यात लगदा जाळीवर वाहतो त्या दिशेने बहुतेक तंतू लोळतात, आणि कागदाला शिर पडते. शिरेच्या बाजूने घडी सरळ आणि गुळगुळीत बसते. आडवी घातली की तंतू मोडतात, तेच ते तडे. ओळखायचं कसं? ताव दोन्ही हातांनी हलका वाकवून बघायचा, आधी लांबीत, मग रुंदीत. ज्या बाजूने मुकाट वाकेल ती शिर. आडवी घडी टाळताच येत नसेल तर आधी हाडाच्या पट्टीने रेघ दाबून घ्यायची. हाडाची पट्टी नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन. अण्णांनी शेवटी तेच धरलं, आणि मागवलेली पट्टी माईंनी लसूण ठेचायला नेली. फिट्टंफाट.

वजनकाट्याचं कोडंही सुटलं. गावच्या दुकानात कागदाचं ‘जीएसएम’ विचारलं तर दुकानदार छताकडे बघतो. अण्णा बँकेचे, आकड्यावाचून त्यांना चैन नाही. ए-फोर मापाचे बरोब्बर सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे सोळा कागद काट्यावर ठेवले की जितके ग्रॅम भरतील तितकं त्याचं जीएसएम. झेरॉक्सचा ऐंशीचा कागद, एकाचं वजन पाच ग्रॅम. हे ऐकल्यावर मी घरातल्या सगळ्या वह्या तोलल्या, ही गोष्ट वेगळी.

*

श्रावण लागला आणि खरी परीक्षा सुरू झाली. कोकणातल्या पावसात पापड सादळतो, मीठ पाझरतं, तिथे कागदाची काय कथा? सकाळी सपाट ठेवलेलं कार्ड संध्याकाळी होडीसारखं. त्यात अण्णा पांढऱ्या डिंकाची धार सोडायचे, ती पाणीदार. कागद पाणी पितो, शिरेला आडवा फुगतो आणि वाळताना वाकतो. ब्रशने पातळ हात फिरवला तर बरं. त्याहून बरं म्हणजे वाळेपर्यंत वजन. वजनासाठी माईंचा पाटा गेला. माई गडग्यावर येऊन मला म्हणाल्या, “पाटापण नाही गं.” चेहरा इतका कोरा, की मला वाटलं खरंच यांना काही माहीत नाही.

खोक्यांतून निघालेल्या त्या बारीक पुड्या असतात ना, ‘खाऊ नका’ लिहिलेल्या, ओल शोषणाऱ्या, त्या अण्णांनी जपून कागदांच्या पेटीत टाकल्या. मागवलेल्या सामानातलं सगळ्यात कामाचं तेच निघालं, असं माझं मत आहे.

डिंकावरून काकींना त्यांचं माहेर आठवलं. “चिंचोक्याची खळ लाव म्हणून सांग तेका.” चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. ही खळ म्हणजे आपल्या गावचीच विद्या. राजवाड्यात गंजिफाची, म्हणजे त्या जुन्या पत्त्यांच्या खेळाची, पानं करतात ती याच खळीवर. कागदावर कागद चिकटवून जाड गोल पान करायचं, खळीत खडूची पूड कालवून त्याचे हात द्यायचे, गुळगुळीत दगडाने घोटायचं, मग रंग, आणि वर लाखेची चकाकी. दशावतारी गंजिफात एकशेवीस पानं, दहा अवतारांची बारा-बारा.

अण्णा चाळीस वर्षं मोती तलावाला फेरी मारतायत, राजवाड्याच्या दारावरून. आत जाऊन चित्रकारांच्या शेजारी बसले ते यंदा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आले ते एकदम गप्प होऊन. रेषा कशी ओढतात ते बघितलं म्हणाले. हात हलत नाही, श्वास थांबतो, आणि ब्रशला चार केस. गंजिफा इथे जवळजवळ संपली होती. सत्तरच्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी स्वतः ती शिकायला बसले, पुंडलिक चितारी नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडे. राजा-राणी शिष्य आणि चितारी गुरू. अण्णा म्हणाले, मग मला काकींकडून खळ शिकायला लाज कसली? आणि खरोखर गडग्यापाशी वाटी घेऊन उभे राहिले. मधलं घर माझं, म्हणून मी त्या दिवशी दोन्ही गडग्यांमधली हमाल.

खळ झकास लागली. पण तिसऱ्या दिवशी दोन कार्डांचे कोपरे झुरळांनी कुरतडलेले. पिष्ट ते, झुरळाला मेजवानीच. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते यासाठीच. काकींनी लगेच मोरचूद सुचवलं, पण ते विष. ज्या पातेल्यात उद्या आमटी शिजणार त्यात कशाला? अण्णांनी कार्डं पत्र्याच्या ट्रंकेत हलवली, ट्रंक माईंची, लग्नातली. आतले शालू बाहेर काढून त्यांनी कपाटात ठेवले, उलटसुलट घड्या घालून. माईंनी ते पाहिलं, घड्या नीट केल्या, आणि गडग्यावर येऊन आम्हाला हवापाण्याविषयी सांगितलं.

*

शाईची भानगड सगळ्यात मोठी, कारण तिथे अण्णांना वाटत होतं की आपल्याला येतंच.

त्यांच्या लहानपणी शाळेत शाईची वडी मिळायची, पाण्यात विरघळवायची. कॅमलवाल्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत कंपनी काढली तीच मुळी घोडा छाप शाईच्या पुड्या-वड्यांवर. कॅमलचा उंट पुढचा. पुढे रंगाच्या पेट्या, ट्यूबा, पोस्टर कलरच्या बाटल्या, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेलं एक तरी पोर. अण्णाही बसले होते. स्थिरचित्रात त्यांच्या तांब्याला दोन तोंडं दिसत होती, ही कबुली त्यांनी मला दिली, आणि मी पुढे दिली.

तर अण्णांनी काळीभोर ‘वॉटरप्रूफ’ शाईची बाटली आणली आणि नोकरीतल्या पहिल्या पगाराच्या फाउंटन पेनात भरली. दुसऱ्या दिवशी पेन मेलं. तसल्या ड्रॉइंगच्या शाईत लाख असते, वाळली की तिचं कवच होतं. कागदावर तेच हवं असतं, म्हणून तर वरून रंग फिरवला तरी ती हलत नाही. पेनाच्या नळीत मात्र तो दगड. चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांवर आयुष्यभर लाख बघितलेला माणूस, पण बाटलीत ती ओळखू आली नाही. ती शाई टाकाने वापरायची, बुडवून, आणि टाक लगेच धुवायचा. त्या पेनाचं दुःख त्यांनी आठवडाभर केलं. आम्ही दोन्ही गडग्यांवरून सांत्वन केलं.

मग उलटी चूक. साध्या फाउंटन पेनच्या निळ्या शाईने वळणदार अक्षरात माईंचं नाव लिहिलं आणि वरून फिकट गुलाबी जलरंगाचा हात फिरवला. नाव विरघळून गेलं. निळा ढगच उठला तिथे. ती रंगाची शाई, पाण्यातच विरघळलेली, पाणी लागलं की परत निघाली. अण्णा म्हणाले, लग्नात नाव घ्यायला लाजत होती, आता कागदावरही थांबत नाही. स्वयंपाकघरात त्या वेळी काहीतरी जोरात आपटलं.

रबरी शिक्क्यांचीही हीच गत, पण कारण निराळं. बँकेत छत्तीस वर्षं शिक्के मारलेला हात! पॅडवर ठाप, कागदावर ठाप, टेबल हादरलं पाहिजे. कमळाच्या जागी डाग उठायचा. हा शिक्का मारायचा नसतो, ठेवायचा असतो. सरळ ठेवून बोटांनी सगळीकडून सारखा दाबायचा आणि न डुलवता उचलायचा. काही पॅडांची शाई कागदात मुरते, झटकन वाळते. काहींची दाट, वरच बसते, वाळायला वेळ लावते. ती ओली असतानाच सोनेरी पूड भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि ऊब द्यायची, की पूड वितळून नक्षी फुगते, सोन्याच्या तारेसारखी. ऊब द्यायला त्यांनी लेकीचा ड्रायर लावला. ड्रायरला ऊब कमी आणि वारा फार. पूड पडवीभर झाली, आणि अण्णांच्या डोक्यावर, जिथे केसांचं तेल लावायला काही उरलं नव्हतं तिथे, नीट बसली. त्यासाठी वेगळी हीटगन मिळते. ती मागवायची म्हणजे सातवं खोकं. त्याऐवजी एका दुपारी माई निजल्यावर त्यांनी तवा तापवला आणि कार्ड चिमट्यात धरून वर बोटभर अंतरावर अधांतरी धरलं. एका क्षणात पूड चकचकीत होऊन पसरली. मी साक्षीदार. आम्ही दोघं दहावी पास झाल्यासारखे हसलो. मग लक्षात आलं की तव्यावर पूड पडली असती तर संध्याकाळची पोळी सोन्याची. आता एक जुना तवा वेगळा काढलाय, त्यावर पांढऱ्या रंगाने ‘कागद’ असं लिहून.

तो पांढरा रंग ॲक्रिलिकचा, आणि त्याच्या पायी एक चांगला ब्रश गेला. ॲक्रिलिक म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, ओला असेपर्यंत पाण्याचा, वाळला की पाण्याला ओळख देत नाही. अण्णा जेवायला उठले, ब्रश तसाच. परत येईतो त्याची काठी झाली होती. जलरंगाचा ब्रश महिन्याने भिजवला तरी सुटतो. पोस्टर कलर त्या दोघांच्या मधला. दाट, झाकणारा, पण पाण्याला विसरत नाही. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा सोडलेला कागद, हे तर इंटरमिजिएटला मलाही कळलं नव्हतं. मी पांढऱ्या वडीने ढग काढायचे आणि ते गोठ्यातल्या म्हशीसारखे दिसायचे.

पुण्याच्या शिवाजीनगरात गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली निघालेली हातकागद संस्था आहे. भाचा तिथून खास कागद घेऊन आला, जाडसर, काठ मोडके-मोडके, आत फुलांच्या पाकळ्या. अण्णांनी हात फिरवला आणि लिहायला बसले, तर शाई टीपकागदावर पसरावी तशी पसरली. काकींचा सल्ला, “पेज लाव.” या वेळी मी हसले. पण आपल्याकडचे जुने कागद करणारे खरंच पिठाची किंवा तांदळाची पातळ पेज फासूनच कागद घोटायचे, म्हणजे शाई वरच राहायची. पेज फासली, रात्रभर वाळवली, आणि गंजिफावाल्यांसारखी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटली. घोटीव कागद म्हणतो तो याच घोटण्यावरून, हे मला त्या दिवशी कळलं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला त्याची शेकडो बदकं कापली तरी. अक्षर असं उठलं की अण्णांनी तो कागद काकींना दाखवायला स्वतः गडग्यापर्यंत आणला. काकींनी लांबून वाचला, जवळून वाचला, आणि विचारलं, जेवणात काय आहे ते लिहायचं राहिलंय का.

काकींचं शेवटचं योगदान म्हणजे हीर. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलं करायची, त्याला बाजारात एक खाचेची सुई मिळते. सातव्या खोक्याचा विचार पुन्हा सुरू झाला. काकींनी केरसुणीतला एक हीर उपसला, टोक नखाने चिरलं, चिरेत पट्टी अडकवली आणि फिरवली. गोंडा तयार. अण्णांनी त्या दिवशी कुरिअरच्या पोराला सुट्टी दिली.

*

साठांपैकी अठ्ठावन्न झाली. दोन झुरळांच्या नावे. दिवाळीच्या आधी वाटायला काढली. माझ्या पाकिटाच्या आत, कार्डाच्या मागच्या बाजूला एक निळा ढग होता. वाया गेलेला कागद टाकवला नसेल, बँकवाले ना.

कातण्याने काढलेली काठाची नागमोडी मात्र सगळ्यांना आवडली. एकेकाने विचारलं, ही नक्षी कुठल्या यंत्राची? अण्णा म्हणायचे, बाहेरून मागवलंय.

आणि माई? त्यांनी कार्ड उघडलं, वाचलं, मिटलं. “अगोबाई,” म्हणाल्या, “मला पत्तासुद्धा नाही हो.” मग आत जाऊन हाडाची पट्टी धुऊन आणली आणि अण्णांच्या हातात ठेवली. लसणाचा वास येत होता.

वसुबारसेला माईंकडून करंज्यांचं ताट आलं, उजवीकडच्या गडग्यावरून माझ्याकडे आणि माझ्याकडून डावीकडे. कातणं कागदाचं झालं ते परत स्वयंपाकघरात घ्यायचं नाही असं माईंनीच ठरवलेलं, त्याच्या दात्यांत सोनं अडकलेलं. त्यामुळे करंज्यांच्या काठाला यंदा हाताची मुरड, बारीक, एकसारखी, पन्नास वर्षांपूर्वीच्या सासूबाईंच्या वळणाची. काकींनी एक करंजी उचलून उजेडात धरली.

“बरां झालां कातणां गेलां,” त्या म्हणाल्या. “मुरड इली परत.” आणि तोंडात करंजी असतानाच त्यांची मान रस्त्याकडे वळली. अण्णांच्या दारात हॉर्न वाजत होता. पोरगा नाव वाचत होता, आणि ते माईंचं होतं.